उजव्या हाताची सुपारी

लग्नात मला आता कुणी पुढच्या रांगेत बसवत नाही. सगळ्या नातेवाइकांनी माझा धसका घेतला आहे. मंगलाष्टकं सुरू झाली, कुणीतरी घसा खाकरून सूर लावला आणि ते 'सावधान' आलं, की मला हसू फुटतं. साधंसुधं नाही, खांदे गदगदवणारं. विश्रामबागेतल्या एका कार्यालयात माझ्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. ती बिचारी अंतरपाटाआड डोळे टिपत होती आणि मी पदराचा बोळा तोंडात कोंबून बसले होते. बहिणीला वाटलं, मावशीला भरून आलंय. तेही खोटं नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी भाची नव्हतीच. तिथं होता एक सलाईनचा स्टँड, एक ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर आणि लाल कोटातले आनंदा मास्तर.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. आमच्याकडे बँडच्या म्होरक्यालाही मास्तर म्हणतात. आनंदा मास्तरांचा बँड उंब्रजचा, आणि मी मिरजेच्या एका हॉस्पिटलात मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर. भाजलेली, झाडावरून पडलेली, गाडीखाली सापडलेली मुलं आमच्याकडे यायची आणि बरेच दिवस राहायची. अशा वॉर्डात बँडवाल्याचं काय काम, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं.

पहिल्यांदा ते आले ते मुळी वाजवायला नाहीच. त्यांच्या भाचीचा मुलगा उसाच्या ट्रॉलीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडून आमच्याकडे होता. त्याला बघायला मास्तर मिरजेतलं एक लग्न वाजवून थेट आले. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झुपके, छातीवर गोंड्यांची दोरी, टोपीला हातभर तुरा, आणि पायात मात्र निळ्या स्लिपरा, कारण बूट त्यांना चावायचे. हा अवतार दारात उभा राहिला आणि वॉर्डातली रडारड एकदम बंद झाली. खिडकीजवळच्या खाटेवरून एका मुलानं विचारलं, "तुमी मिलिट्रीतलं काय?"

"न्हाई रं गड्या," मास्तर म्हणाले, "मिलिट्रीवाल्यांच्या लग्नातला."

वॉर्डातल्या निम्म्या मुलांचे बाप नाहीतर चुलते फौजेत. त्यांना हे लगेच पटलं. मी त्यांना बाहेर काढायला निघाले होते, कारण भेटीची वेळ संपली होती आणि त्या तुऱ्यावर किती गावांची धूळ होती कोण जाणे. तेवढ्यात मास्तरांनी त्या मुलाला कडक सलाम ठोकला, त्यानं प्लॅस्टरमधला हात उचलून उलट सलाम केला, आणि मग पलीकडच्या खाटेला पाहिजे, तिच्या पलीकडच्या खाटेला पाहिजे, असं करत मास्तर सगळा वॉर्ड सलाम ठोकत फिरले. मी हातात थर्मामीटर घेऊन त्यांच्या मागं मागं. शेवटी त्यांनी मलाही ठोकला. आता सांगायला हरकत नाही, मीही हात कपाळाला लावला.

भाचीचा मुलगा बरा होऊन घरी गेला. मास्तर येतच राहिले. उंब्रजच्या फाट्यावर सातारा-सांगली गाडी पकडायची आणि सांगलीहून सिटी बसनं मिरजेला यायचं. लग्नसराईत आठवड्यातून एखादी खेप, एरवी मनाला येईल तेव्हा. आमच्या मेट्रनबाई कडक. त्यांनी अटी घातल्या: कोट धुतलेला हवा, तुरा घरी ठेवायचा, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे, आणि वाद्याचा आवाज नको. शेवटची अट ऐकून मास्तरांनी क्लॅरिनेटच्या तोंडात टॉवेल कोंबला. आवाज त्यानं फारसा कमी होत नसे. पण टॉवेल दिसला की मेट्रनबाईंचं समाधान होई.

माणूस तसा गुणांचा पुतळा वगैरे नव्हता. मिशा काळ्याभोर रंगवायचे आणि डोक्याचे केस पांढरेच ठेवायचे, त्यामुळं मिशा दुसऱ्या कुणाकडून मागून आणल्यासारख्या दिसत. मुलांसाठी आलेली सफरचंदं "गोड हाईत का बघतो" म्हणून चाखायचे आणि पुरतं फळ संपल्याखेरीज त्यांना ते कळत नसे. थापा तर अशा मारायचे की ऐकत राहावं. साताऱ्याकडच्या एका लग्नात म्हणे त्यांनी असा सूर लावला की घोडा नवरदेवाला घेऊन जो निघाला तो थेट दुसऱ्याच मांडवात जाऊन उभा राहिला, आणि तिथल्या लोकांनी नवरदेवाला ओवाळूनही घेतलं. डॉल्बीचं नाव काढलं की ते पेटायचे. "डॉल्बीनं छाती हालती सिस्टर, बँडनं माणूस हालतं." चौदा एप्रिलला कुणी लाख विनवलं तरी बाहेरगावी वाजवायचे नाहीत. त्या दिवशी सगळा बँड आपल्या वस्तीतल्या जयंतीच्या मिरवणुकीत, आणि मास्तर सगळ्यांच्या पुढं. बोलता बोलता क्लॅरिनेटची रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पातळ चीप, ओली राहावी म्हणून ती ओठांत धरायची त्यांना खोड होती. त्यामुळं निम्मं बोलणं आपण समजून घ्यायचं. आणि कुणी गडबड केली, कुणी म्हटलं की चला, आवरा, उशीर झाला, की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं. "घाई न्हाई. नवरदेव अजून घोड्यावर बसायचाय."

सगळ्यात जास्त घाई आम्हा सिस्टर लोकांना ड्रेसिंगच्या वेळी असते. एकदा मी सकाळी ट्रॉली ढकलत आले आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "चला, पट्टी बदलायची."

"बदला की," मास्तर म्हणाले. "कुठली धरू? काळी दोन का पांढरी चार?"

मला आधी कळेचना. पेटीवरची पट्टी आणि जखमेवरची पट्टी, आपल्या भाषेत शब्द एकच, पण इतकी वर्षं दोन्ही तोंडानं म्हणूनसुद्धा माझ्या कधी ते ध्यानात आलं नव्हतं. मुलांनी मात्र ते झेललं. त्या दिवसापासून वॉर्डात कुणी ड्रेसिंग म्हणेना. "सिस्टर, माजी आज काळी चार." "मला पांढरी एक, काल लय वर गेलती." आणि ड्रेसिंग सुरू झालं, मूल किंचाळलं, की मास्तर अगदी गंभीर तोंडानं म्हणायचे, "रडायचं? रडा की. पर सुरात." आणि त्या किंचाळण्याचा सूर अचूक पकडून क्लॅरिनेटवर धरायचे. मूल चिडायचं. मास्तरांना चुकवायला आवाज वर न्यायचं, मास्तर वर. खाली आणायचं, मास्तर खाली. असं पळापळीचं रडणं तुम्ही कधी ऐकलं नसेल. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि तोंडावर मात्र मास्तरांना फसवल्याचा आनंद. दुखणं कमी व्हायचं असं मी म्हणणार नाही. मी नर्स आहे, दुखतं ते दुखतंच. पण त्या दुखण्यात मूल एकटं नसायचं, आणि माझे हात निवांत चालायचे.

मग सुपारीचं सुरू झालं. एका मुलानं विचारलं, "मास्तर, मी घरी जाईन तवा वाजवशीला?" मास्तर म्हणाले, "सुपारी दिल्याबिगर बँड हालत न्हाई." बँडवाल्यांच्यात लग्न ठरवायला घरचा माणूस येतो, मास्तरांच्या हातात सुपारी ठेवतो, आणि ती एकदा हातात पडली की तारीख पक्की. मग त्या दिवसाचं दुसरं कुणाचंही बोलावणं घ्यायचं नाही. मुलांनी चिंचोके दिले, बटणं दिली, एकानं बिस्कीट दिलं, ते मास्तरांनी खिशात पोचायच्या आधीच खाल्लं. पण सुपारी घेतली म्हणजे घेतली. मूल घरी जायच्या दिवशी मास्तर आपले दोन-चार बँडवाले घेऊन हजर. बाहेरची वाट अतिदक्षता विभागावरून जायची, तिथं आवाज चालायचा नाही. म्हणून मास्तरांनी मुकी वरात काढली. गाल फुगवायचे पण फुंकायचं नाही. ढोलाची टिपरी कातड्यापासून बोटभर वर थांबवायची. झांजा एकमेकींजवळ आणून परत न्यायच्या. चाकाच्या खुर्चीत मूल, मागं आम्ही, आणि ढोल-झांजांसकट सगळा बँड अगदी टाचणी पडली तरी ऐकू येईल असा नाचत चाललाय. फाटकाच्या बाहेर पाऊल पडलं की मात्र टॉवेल निघायचा.

ह्या सुपारीपायी मास्तर एकदा पहारेकऱ्याच्या कोठडीतही बसून आले. फाटकावर नवा वॉचमन आला होता, फौजेतून निवृत्त, सगळी नोकरी उत्तरेत काढलेला. त्यानं विचारलं, कुठं चाललात? मास्तरांच्या तोंडात रीड. म्हणाले, "सहा नंबरच्या पोरीची सुपारी घ्यायची हाय."

"किसकी सुपारी?" वॉचमन एकदम सावध.

"बारकी हाय वो. नऊ वर्षांची. लय दिवस मागं लागलोय, पर हात येत न्हाई."

एवढं बस्स झालं. मी धावत गेले तेव्हा मास्तर स्टुलावर बसलेले, वॉचमननं क्लॅरिनेटची पेटी उघडून नळीत एक डोळा घातलेला, आणि मास्तर त्याला शांतपणे सांगतायत, "गोळी न्हाई त्यात. टॉवेल हाय." सगळा उलगडा झाल्यावर वॉचमन इतका ओशाळला की त्यानं तिथल्या तिथं आपल्या धाकट्याच्या लग्नाची सुपारी मास्तरांच्या हातावर ठेवली.

आणि ही सहा नंबरची पोरगी म्हणजे समृद्धी. सगळे समू म्हणायचे. कराडकडच्या एका वाडीतली. गुऱ्हाळात खेळता खेळता उकळत्या रसाच्या कढईजवळ गेली आणि उजवा हात दंडापासून मनगटापर्यंत भाजून घेतला. वडील फौजेत सीमेवर, आई बाळंतीण, म्हणून सोबतीला पारूआत्या. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून हातावर लावली होती, ती छान धरलीही होती. आता सगळं कोपरावर होतं. नवी कातडी आखडत जाते. कोपर रोज थोडं थोडं सरळ केलं नाही तर हात वाकडा तो वाकडाच राहतो, कायमचा. आमच्या फिजिओच्या मॅडम रोज तिच्याशी गोड बोलायच्या, हात सरळ धरणारं स्प्लिंट लावायच्या, व्यायाम घ्यायच्या, आणि समू हात छातीशी असा धरून बसायची की जणू कुणी तो चोरून नेणार आहे. जिभेला मात्र काही झालं नव्हतं. "न्हाई" हा तिचा आवडता शब्द. खाणार का? न्हाई. हात लांब कर. न्हाई. बरं नको करू. न्हाई, करीन, पर आत्ता न्हाई.

मास्तरांच्या वरातीवर तिचा पहिल्या दिवसापासून डोळा होता. पारूआत्यांच्या पिशवीत देवाची एक सुपारी होती, ती तिनं मागून घेतली आणि मास्तर आल्याबरोबर डाव्या हातानं पुढं केली.

मास्तरांनी हात मागं घेतला. "डाव्या हातानं सुपारी देत्यात व्हय? उजव्या हातानं द्यायची."

"माजा उजवा येत न्हाई."

"मग यील तवा दे. घाई न्हाई, नवरदेव अजून घोड्यावर बसायचाय."

मला तो माणूस त्या क्षणी दुष्ट वाटला. पण ते आधी फिजिओच्या मॅडमशी बोलून आले होते. नंतर तो दर खेपेचा रिवाजच झाला. मास्तर आले की आधी विचारायचे, "मॅडम, आज सुपारी कुठवर?" मॅडम हवेत बोटानं जागा दाखवायच्या. मास्तर बरोबर तिथं तळहात धरून उभे राहायचे. ते पुढं वाकायचे नाहीत आणि समूचा हात पुढं यायचा नाही. सुपारी तिच्या मुठीत, मूठ छातीशी. दोघांच्या मध्ये वीतभर हवा. त्या वीतभर हवेकडे आम्ही सगळे जीव मुठीत धरून बघायचो. शेवटी समू म्हणायची, "दुखतंय," आणि मास्तर म्हणायचे, "मग ऱ्हाऊ दे," आणि टॉवेल कोंबून काहीतरी वाजवायला लागायचे. त्या दिवशी सूर हमखास चुकायचा.

लग्नाची कल्पना समूचीच. एका दुपारी मास्तर आलेले असताना ती खाटेवर बसून कोपऱ्याकडे बघत होती आणि एकदम म्हणाली, "त्यो स्टँड बगा, सारखा त्या टाकीजवळच उभा असतोय. ह्यांचं लावून टाका एकदाचं."

झालं. पाच मिनिटांत वॉर्डाचे दोन तट. खिडकीकडची रांग नवऱ्याकडची, भिंतीकडची नवरीकडची. सलाईनचा स्टँड नवरदेव, उंच, सडपातळ, जरा वाकलेला. ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर नवरी, ठेंगणी, अंगानं भरलेली. पारूआत्यांनी आपली लाल शाल तिला नेसवली. नवऱ्याकडच्यांनी मानपानात नवी कोरी सलाईनची बाटली मागितली. नवरीकडच्यांनी सांगितलं, आमची पोरगी जन्मभर हवा पुरवणार हाय, आमी काय द्यायचं न्हाई. एक पाय वर टांगलेला मुलगा नवरीचा मामा झाला आणि रुसूनही बसला. खरं तर तो बसलेलाच होता. समूच्या वडिलांना फोनवर व्हिडिओ कॉल लागला. बर्फात उभे होते ते, मागं बंकर, आणि पोरीनं विचारलं, "पप्पा, तुमी कुणाकडचं?" एवढ्यात डॉक्टर राऊंडला आले. आमचे मोठे सर्जन, हसताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी त्यांनाही तेच विचारलं. त्यांनी चष्मा पुसला, नवरानवरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, स्टँड जरा ढकलून बघितला आणि म्हणाले, "मी नवरीकडचा. आणि नवऱ्याचं चाक कुरकुरतं, हे तुम्ही आम्हाला आधी का नाही सांगितलं?"

मंगलाष्टकं म्हणायची माझ्याकडे आली. मला त्याची हौस आहे, घरातल्या प्रत्येक लग्नात मी नवीन करून म्हणते, कुणी सांगो न सांगो. टेबलाशी बसून मी लगेच केलंही:

माळा लांब नळ्या गळ्यात पडल्या, देखा नवा नोवरा
टाकी गोल हवा भरून बसली, लाजे पहा नोवरी

दोनच ओळी जमल्या, पण वृत्त सुटलेलं नाही, मोजून बघा. तांदूळ टाकायला मेट्रनबाईंनी बंदी केली, पट्ट्यांत जातात म्हणून. अक्षतांच्या जागी कापसाचे बोळे वाटले. समूनं आपला बोळा डाव्या हातात घेतला आणि पारूआत्या कडाडल्या, "अगं, डाव्या हातानं अक्षदा? नवरी काय म्हणंल!"

"मग मी टाकतच न्हाई," समू म्हणाली. पण बोळा तिनं उजव्या मुठीत घेतला.

मास्तरांनी सूर दिला, मी सुरुवात केली. पहिलं 'सावधान' झालं, सगळीकडून कापूस उडाला, समूची मूठ छातीशीच. फिजिओच्या मॅडम तिच्या खाटेमागं उभ्या होत्या, त्यांनी मला मान हलवून खूण केली, आणखी. मी पुन्हा तेच कडवं घेतलं, दुसरं होतंच कुठं! ह्या वेळी मी शेवट जरा लांबवला. "शुभ मंगल साऽऽऽव..." सगळा वॉर्ड श्वास रोखून हात वर करून बसलेला. "...धान!" आणि समूचा हात सुटला. तिनं तो सोडला नाही, तो आपोआप गेला. आपल्याकडे जन्मलेल्या माणसाचा त्या शब्दाला हात जातोच, झोपेत म्हटलं तरी जाईल. कापूस भलताच हलका, जोरानं फेकल्याशिवाय पुढं जात नाही. कोपर उघडलं, अर्ध्याहून जास्त उघडलं, आणि बोळा सर्जनसाहेबांच्या चष्म्यावर बसला.

"आई गं!" समू किंचाळली.

"काळी चार!" सगळा वॉर्ड एका आवाजात ओरडला.

ती रडतच हसली, का हसतच रडली, मला सांगता यायचं नाही. नाक पुसून म्हणाली, "आणखी एकदा लावा." मग आणखी एकदा लावलं. मग आणखी. त्या दिवशी त्या जोडप्याचं लग्न किती वेळा लागलं कोण जाणे, आणि पुढं रोज दुपारी लागायला लागलं. मी हसत होते, मास्तर हसत होते, सर्जनसाहेब भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. मी इतकी वर्षं त्या वॉर्डात काढली, पण त्या दुपारइतकी सुखी मी तिथं कधी झाले नाही.

पण सुपारी तिच्याकडेच राहिली. फेकणं निराळं आणि देणं निराळं. फेकताना हात आपोआप जायचा, देताना तो तिला स्वतःहून न्यायला लागायचा, आणि कोपर पुरतं सरळ व्हायच्या आधी, शेवटच्या टप्प्यावर, तिची भीती उभी असायची. मॅडम म्हणायच्या, आता कातडी तयार आहे, हात जाऊ शकतो, फक्त तिनं एकदा न्यायला हवा. एकदा गेला की घरीही नेईल. नाही नेला तर घरी गेल्यावर कोण मागं लागणार?

तिच्या घरी जायच्या दिवशी नेमकी लग्नाची तिथ. सकाळपासून मास्तरांचा पत्ता नाही. कागदपत्रं झाली, जीप दारात आली, पारूआत्यांनी बोचकी बांधली. समू खाटेवरून हलेना.

"मास्तर आल्याबिगर न्हाई."

"अगं, तेंचं लगीन हाय कुठंतरी," आत्या काकुळतीला आल्या. "आवं सिस्टर, तुमी तरी सांगा की हिला."

मीच दाराकडे बघत होते. खाट पुढच्या मुलासाठी हवी होती, तो बाहेर स्ट्रेचरवर होता. मेट्रनबाई दोनदा डोकावून गेल्या. समूच्या मुठीत सुपारी, मूठ छातीशी, पहिल्या दिवसासारखी.

आणि जिन्यावरून धपाधप पावलं वाजली. मास्तर पळत आले. लाल कोट, झुपके, तुरासुद्धा! तो घरी ठेवायचा असतो हे विसरून. मागं धापा टाकणारे दोन बँडवाले. आल्या आल्या त्यांनी उजवा तळहात पुढं केला, मॅडमना न विचारता, चांगला लांब, हात पुरता सरळ झाल्याशिवाय पोचणार नाही इतका लांब, आणि ओरडले,

"घाई कर पोरी! नवरदेव घोड्यावर बसलाय!"

इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून घाईचा शब्द कुणी ऐकला नव्हता. समू दचकली. तिनं तोंड उघडलं, बहुतेक "न्हाई" म्हणायलाच, पण खाली रस्त्यावरून खरोखरच घोडा खिंकाळला, ढोल ऐकू आला, आणि तिचा हात छातीपासून सुटला. ह्या वेळी आपोआप नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं दात ओठांत रुतवले आणि हात नेला. पुढं, पुढं, कोपर थरथरत उघडत गेलं, ती वीतभर हवा संपली, आणि सुपारी मास्तरांच्या तळहातावर ठेवली गेली. टाकली नाही, ठेवली.

कुणी ओरडलं नाही. मॅडमनी तोंडावर हात दाबला होता. मास्तरांच्या ओठांत रीड होती, ती खाली पडली. मग त्यांनी मूठ मिटली, समूला एक कडक सलाम ठोकला आणि बँडकडे वळले.

मुकी वरात निघाली. गाल फुगवत, टिपरी हवेत थांबवत, अतिदक्षता विभागावरून, जिन्यावरून, पटांगणातून. फाटकात त्या वॉचमननं सलाम दिला. आणि फाटकाबाहेर खरोखरच नवरदेव होता. घोड्यावर, मुंडावळ्या बांधलेला, घामाघूम, रस्त्याच्या मधोमध खोळंबलेला, आणि त्याच्या भोवती अख्खं वऱ्हाड तोंडाचा आ करून. मास्तरांनी त्याची वरात मारुतीच्या देवळाच्या रस्त्याऐवजी हॉस्पिटलच्या रस्त्यानं वळवून आणली होती. घोडा दुसऱ्याच मांडवात गेल्याची ती साताऱ्याकडची थाप मला तेव्हा आठवली, आणि ती थाप नसावी अशी दाट शंका आली.

टॉवेल निघाला. मास्तरांनी डाव्या हातानं क्लॅरिनेट नाचवत बँडकडून समूच्या जीपपुढं एक पूर्ण धून वाजवून घेतली, आणि वऱ्हाडातल्या बायकांनी, ही कोण, कुणाची, काही न विचारता, समूवर अक्षता टाकल्या. मग नवरदेवाचा मामा ओरडायला लागला, मुहूर्त टळतोय म्हणून.

त्याच आठवड्यात माझी बदली झाली, मास्तर मला पुन्हा भेटले नाहीत. त्यामुळं शेवटचे दिसले ते तिथंच, रस्त्यावर. कराडच्या वाटेला लागलेल्या जीपच्या खिडकीतून एक उजवा हात बाहेर आलेला, सरळ, पार बोटांपर्यंत सरळ, हलत लांब जात असलेला. आणि उलट्या दिशेला, घोड्याच्या मागं, निळ्या स्लिपरा फटफटवत पळणारे आनंदा मास्तर, तुरा वाकडा, झुपके उडतायत, डाव्या हातात क्लॅरिनेट. ते वाजवायला दोन हात लागतात. वऱ्हाड त्यांच्या नावानं शंख करत होतं, वाजवा, वाजवा म्हणून. पण त्यांची उजवी मूठ मिटलेलीच होती.